शिकलेला वर्ग कोणाचा?

बुद्धिजीवी हाच नवा सत्ताधारी वर्ग, हा सिद्धांत आम्ही एम.ए.ला अल्विन गोल्डनर यांच्या १९७९ च्या पुस्तकामुळे शिकलो. नवा कसला? आमच्या कळंबजवळचा सोपाऱ्याचा स्तूप उत्खननात उघडला गेला, त्याच १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला सुनावले होते : कर रयतेचा, उच्चशिक्षण वरच्या जातींचे, आणि सरकारी जागा ब्राह्मणांकडे. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये थेट लिहिले की बुद्धिजीवी वर्ग राज्यकर्ता नसला तरी सर्वांत प्रभावी असतो, आणि भारतात तो वर्ग म्हणजे ब्राह्मण जात. पण १८ मार्च १९५६ ला आग्र्यात त्यांचा रोष आपल्याच शिकलेल्यांवर होता. समाजाची सेवा करतील वाटले, तर कारकून होऊन पोट भरत बसले! आमच्या वस्तीतूनही पदवीधर झाले. सभेला खुर्च्या मांडायला मात्र न शिकलेलेच येतात.