रसेल, चेंबरलेन आणि अबोल्याची वीस वर्षं

आज बास्केटबॉल. थांबा, लगेच बंद करू नका, खेळाचे नियम माहीत नसले तरी चालतंय. ही दोन मित्रांची गोष्ट आहे.

बिल रसेल बोस्टन सेल्टिक्सचा. 13 हंगाम, 11 विजेतेपदं. विल्ट चेंबरलेन सात फूट एक इंच उंच, 1962 साली एकट्याने एका सामन्यात 100 गुण केलेला माणूस. पण बाद फेरीत दोघं आठदा समोरासमोर आले आणि सातदा रसेलचा संघ जिंकला. विचार करा, एवढं होऊनही यांची मैत्री! थँक्सगिव्हिंगला बोस्टनचा सामना फिलाडेल्फियात असला की रसेल विल्टच्या घरी जेवायचा, त्याच्याच पलंगावर ताणून द्यायचा आणि रात्री मैदानावर त्यालाच अडवायचा.

मग आला 5 मे 1969. लॉस एंजेलिस, अंतिम मालिकेचा सातवा सामना. विल्ट आता लेकर्सकडे. विजय इतका गृहीत धरलेला की मालकांनी छताला फुगे टांगून ठेवलेले. चौथ्या सत्रात लेकर्स बरेच मागे होते. पाच-सहा मिनिटं उरली असताना विल्टचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर बसला. लेकर्सनी अंतर एका गुणावर आणलं. विल्ट म्हणाला, मला आत घ्या. कोचने घेतलं नाही. बोस्टन 108-106 ने जिंकलं. फुगे तसेच वर लटकत राहिले.

रसेलचा तो शेवटचा सामना. निवृत्तीनंतर कॉलेजच्या मुलांपुढे बोलताना तो म्हणाला की, पाय किंवा पाठ मोडल्याशिवाय असा सामना सोडायचा नसतो, विल्टने माघार घेतली. हे छापून आलं. विल्टला ते लागलं, आणि फार खोल लागलं.

मला इथे रसेलचं अजिबात पटत नाही. तो स्वतः त्या रात्री खेळाडू *आणि* कोच होता. कोणाला आत घ्यायचं हे कोण ठरवतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण आमच्याकडेही हेच चालतं. रिलीज फसलं की दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर जो नसतो, त्याच्या माथी खापर. मीही एकदा फोडलंय. त्या मित्राला फोन करायला मला आठ महिने लागले.

यांना वीस वर्षांहून जास्त लागली. एवढा काळ दोघं बोलले नाहीत! दरम्यान रसेलने स्वतःला मिळणारे मानही दूर ठेवले. 1972 साली त्याची 6 नंबरची जर्सी सन्मानाने वर चढवली, तीही त्याच्या अटीवर, रिकाम्या स्टेडियममध्ये. 1975 साली तो हॉल ऑफ फेमच्या सोहळ्याला गेला नाही. अशा ताठ माणसाने शेवटी विल्टची माफी मागितली, आधी समोरासमोर, मग जाहीरपणे. 1997 साली दोघं एकाच मुलाखतीत शेजारी बसले.

त्या दोघांमध्ये वैर होतं, असं कोणी म्हटलेलं रसेलला आवडायचं नाही. चुरस होती, वैर नव्हतं, हे तो सांगत राहिला.

12 ऑक्टोबर 1999 ला विल्ट गेला, वय 63. श्रद्धांजली सभेत बोलायला रसेल उभा राहिला, मित्र म्हणून.