चांदमारीवरचा पहिला दिवस

गुवाहाटीत चांदमारी नावाचा एक भाग आहे. ऐझॉलमध्ये आहे, गंगटोकमध्ये आहे, बिहारमधल्या मोतिहारीतही आहे. आज तिथे घरे आहेत, दुकाने आहेत, रहदारी आहे. नाव मात्र जुनी ओळख सांगते. चांद म्हणजे निशाणावरचे गोल वर्तुळ. त्याला नेम धरून मारायचे ती चांदमारी. पलटणींबरोबर हा शब्द हिंदुस्थानभर फिरला आणि मराठीतही रुळला. उघडे माळरान, एका टोकाला मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे निशाणे आणि गोळीबार चालू असताना फडकणारे लाल निशाण, एवढाच या जागेचा थाट. पण १८५७ साली अशाच एका माळरानावर पाऊल ठेवायचे की नाही, या प्रश्नाने हजारो शिपायांची झोप उडवली होती. आज त्या माळरानाविषयी बोलायचे आहे.

बंगाल सैन्यातल्या शिपायांना बंदूक नवी नव्हती. त्यांच्या हाती होती ती ‘ब्राउन बेस’ घराण्यातली ठासणीची बंदूक. नळी आतून गुळगुळीत, गोळी नळीपेक्षा किंचित लहान. त्यामुळे गोळी नळीत आपटत आपटत बाहेर पडे आणि शंभर यार्डांपलीकडे ती कुठे जाईल याचा भरवसा नसे. अशा बंदुकीला नेम कशाला हवा? रांगेत उभे राहायचे, हुकूम झाला की समोरच्या गर्दीवर बार टाकायचा. शिपायाची किंमत त्याच्या कवायतीत होती, डोळ्यांत नव्हती.

१८५३ सालच्या एन्फिल्ड रायफलने हे सगळे उलटे केले. तिच्या नळीत आतून पिळाच्या तीन खाचा होत्या. गोळी लांबट, बार उडाला की तिचा बूड फुगे, ती खाचांत घट्ट बसे आणि गरगर फिरत सरळ जाई. नळीवरच्या पट्टीवर ९०० यार्डांपर्यंतची अंतरे कोरलेली होती. पण लांबवर जाणारी गोळी कमानीसारखी जाते. समोरचा माणूस सहाशे यार्डांवर आहे की सातशे, हे चुकले तर ती त्याच्या डोक्यावरून तरी जाते किंवा पायांपुढे तरी पडते. तेव्हा अंतर ओळखणे ही विद्या झाली. तिच्यासाठी १८५३ सालीच इंग्लंडच्या किनाऱ्यावर हाइथ इथे नेमबाजीची शाळा निघाली. तिथे शिपायाच्या हाती लगेच दारूगोळा देत नसत. आधी वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून नुसता नेम धरायचा. मग दूरवर माणसे उभी करायची आणि विचारायचे, याचा चेहरा दिसतो का? अंगरख्याची बटणे दिसतात का? काय दिसेनासे झाले त्यावरून अंतर सांगायला शिकायचे. मला स्वतःला या शिक्षणक्रमातला हा भाग फार मनोरंजक वाटतो. डोळ्यांनी जमीन मोजण्याचाच तो पाठ होता.

हीच पद्धत १८५७ च्या आरंभी हिंदुस्थानात आली. दमदम, अंबाला आणि सियालकोट अशी तीन शिक्षण केंद्रे निघाली. निरनिराळ्या पलटणींतून मोजकी माणसे तिथे पाठवायची, त्यांनी शिकून परत जायचे आणि आपल्या पलटणीला शिकवायचे, अशी योजना होती. म्हणजे केंद्रावर आलेला प्रत्येक शिपाई आपल्या बिरादरीतून एकटा पुढे काढलेला माणूस होता. पुढचे सगळे समजून घ्यायचे तर हे ध्यानात ठेवायला हवे.

दमदमची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. जानेवारीत तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या एका खालच्या मानलेल्या जातीच्या खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठी लोटा मागितला. शिपायाने नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला, की गाईडुकरांची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडायला लागलास की तुझी जात कुठे राहणार? काडतूस दाताने तोडणे यात नवे काही नव्हते. जुन्या बंदुकीचेही तसेच तोडत. नवे होते ते वंगण. खाचांच्या नळीत गोळी ठासायची तर ते लागे. चरबी कोणत्या जनावराची, याची खातरजमा मात्र कोणी केलेली नव्हती. केंद्रप्रमुख मेजर बॉन्टीन याने शिपायांना रांगेत उभे करून विचारले, तेव्हा बहुसंख्य पुढे आले आणि मेण व तेल वापरा, अशी साधी मागणी त्यांनी केली. त्यावर काडतूस हाताने फाडावे, दाताने नको, असा बदल त्याने सुचवला आणि मार्चमध्ये तो मान्यही झाला. अलीकडच्या अभ्यासकांच्या मते ती चरबीची काडतुसे देशी शिपायांच्या हाती पडलीच नव्हती. पण तोवर बातमी पुढे निघून गेली होती.

अंबाल्याला काय झाले ते कमी सांगितले जाते. मार्चमध्ये सरसेनापती जनरल ॲन्सन तिथे आला. त्याच्या दिमतीला ३६ वी पलटण होती आणि तिच्यातलेच दोन हुद्देदार आधीपासून केंद्रावर शिकत होते. आपली माणसे आली म्हणून ते भेटायला गेले, तर त्यांच्याच सुभेदाराने त्यांना लोटा आणि हुक्का द्यायचे नाकारले. तुम्ही ख्रिस्ती झालात, असे त्यांना ऐकवले गेले. या दोघांनी अजून एकही नवे काडतूस हाती घेतलेले नव्हते. नुसते चांदमारीच्या केंद्रावर असणे पुरले!

२३ मार्चला ॲन्सनने देशी अधिकाऱ्यांपुढे भाषण केले. मार्टिनो नावाच्या शिक्षक अधिकाऱ्याने ते त्यांच्या भाषेत सांगितले. अधिकाऱ्यांचे उत्तर मला त्या वर्षातल्या सर्वांत शहाण्या बोलण्यांपैकी एक वाटते. अफवा खोटी आहे हे आम्ही मानतो, हुकूम झाला तर आम्ही बार काढू. पण न मानणारा एक असेल तर मानणारे दहा हजार आहेत, गावी गेल्यावर आमचे काय होईल तेवढे पाहा, असा त्याचा आशय होता. प्रश्न काडतुसाचा उरलाच नव्हता. पंगतीत शेजारी कोण बसेल आणि मुलीचे लग्न कुठे जमेल, हा तो प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर कोणत्याही सरसेनापतीच्या हाती नव्हते.

ॲन्सनने सराव थांबवला. गव्हर्नर जनरल कॅनिंगला ती माघार वाटली. सराव झालाच पाहिजे, असे त्याने कळवले. १७ एप्रिलला अंबाल्याच्या माळावर बार निघाले. वंगण तूप आणि मेणाचे होते, शिपायांनी स्वतः लावलेले. त्या दिवसांत छावणीत रात्री आगी लागत होत्या आणि केंद्रावरच्या शिपायांच्या झोपड्याही जळत होत्या. बक्षीस जाहीर झाले, तरी नाव सांगायला कोणी पुढे आले नाही.

सियालकोटला वेगळेच चित्र होते. मेच्या आरंभी जॉन लॉरेन्सने तिथला सराव पाहिला आणि ४ मे रोजी कॅनिंगला लिहिले, की शिपाई नव्या बंदुकीवर खूश आहेत, डोंगरी लढाईत तिचा केवढा उपयोग होईल हे त्यांना आत्ताच कळले आहे. हे खोटे असेल असे मला वाटत नाही. चांगले हत्यार चांगल्या शिपायाला आवडतेच. पण त्याआधीच, २४ एप्रिलला, मेरठच्या घोडदळातल्या ८५ जणांनी काडतुसे नाकारली होती, तीही जुन्याच पद्धतीची. १० मेला मेरठ पेटले. ९ जुलैला सियालकोटही उठले.

काडतुसांची ही कहाणी तेव्हा वाटावाटांवर पोचली होती. वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडशांना ती वाटेतच शिपायांकडून ऐकायला मिळाली, हे ‘माझा प्रवास’च्या वाचकांना आठवेल.

पुढे फत्तेपूरला १२ जुलै रोजी हॅवलॉकच्या गोऱ्या सैनिकांनी एन्फिल्ड चालवली. समोर जुन्या बंदुकांची पल्ल्याबाहेरून दमछाक झाली. आपल्या विजयाच्या कारणांत हॅवलॉकने तोफखान्याबरोबर या रायफलीचेही नाव घेतले.

बंड मोडल्यावर सरकारने देशी पलटणींसाठी एक खास बंदूक करून घेतली. १८५८ चा नमुना म्हणतात तो हाच. बाहेरून हुबेहूब एन्फिल्ड, पण नळीतल्या खाचा काढून ती गुळगुळीत केलेली आणि अंतराची पट्टी काढून तिथे एकच पक्की माशी बसवलेली. पुढे गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा देशी पलटणींच्या हाती त्यांची उतरलेली स्नायडर आली. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली, तेव्हा मार्टिनी यांच्याकडे आली. शिपाई चांदमारीवर जातच राहिले, नेहमी एक बंदूक मागे राहून.