अल्झायमर रोग
स्मृती, भाषा व निर्णयशक्ती क्रमाक्रमाने क्षीण करणारा मेंदूचा विकार. उतारवयातील स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण. जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथील एका सभेत एका मृत स्त्रीरुग्णाच्या मेंदूतील बदल मांडले. सभेने फारशी दखल घेतली नाही. चेतापेशींबाहेर साचलेले ॲमिलॉइड आणि पेशींच्या आत गुंतलेले टाऊ, ही दोन प्रथिने या रोगाची खूण होत. सुरुवातीला जुन्या आठवणी शाबूत राहतात, सकाळचे बोलणे मात्र विसरते. त्यामुळे घरचे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात आणि निदान लांबते. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधे लक्षणे काही काळ सावरतात, रोग थांबवत नाहीत. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब ॲमिलॉइड हटवून ऱ्हास थोडासा मंदावते. पण ते आरंभीच्या अवस्थेतच देतात, आणि मेंदूला सूज वा रक्तस्राव होण्याच्या धोक्यामुळे वेळोवेळी एमआरआय करावा लागतो.