आयपीसच्या जागी कॅमेरा

जुन्या लहान दुर्बिणीचा आयपीस काढून तिथे कॅमेरा बसवण्याची रीत शुक्रवार पेठेतल्या एखाद्या गच्चीवर आज नवी वाटेल, पण तिचं कुळ आपल्या सोलापूर जिल्ह्यातूनही गेलं आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी करमाळा तालुक्यातल्या जेऊरला खग्रास सूर्यग्रहण टिपण्यासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून कावसजी दादाभाई नायगमवाला आले होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल तर ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले. त्याचं भिंग होतं अवघं ५ इंचांचं.

एवढी लांबी कशासाठी? भिंगाच्या नाभीय अंतराला साधारण ११० ने भागलं की चंद्राच्या किंवा सूर्याच्या प्रतिमेचा व्यास मिळतो. ४० फुटांना तो चार इंचांहून थोडा अधिक येतो. सूर्य झाकणारा काळा चंद्र आणि भोवतालची प्रभा आयपीसविना थेट फोटोच्या काचेवर तेवढी मोठी उमटली. खग्रास स्थिती टिकली दोनच मिनिटं.

चंद्राचा ओळखू येण्याजोगा पहिला फोटो त्याआधी १८४० मध्येच न्यूयॉर्कला जॉन विल्यम ड्रेपर यांनी काढला होता. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर त्यांनी सुमारे वीस मिनिटं प्रकाश घेतला. पुढे काचेवरचं ओलं कलोडियन आलं, वेळ सेकंदांवर आली आणि खरी अडचण उघडी पडली. दुर्बिणीचं भिंग पिवळा-हिरवा प्रकाश नेमका एकत्र आणतं, कारण आपला डोळा त्यालाच सर्वांत सजग असतो. ते कलोडियन मात्र निळ्या-जांभळ्यालाच भुलायचं. डोळ्याला रेखीव दिसलेलं विवर काचेवर भुरकट उतरे. इंग्लंडात वॉरन द ला रू यांनी आरशाची दुर्बीण वापरली, कारण आरसा सगळे रंग एकाच जागी आणतो. न्यूयॉर्कच्या लुइस रदरफर्ड यांनी १८६४ मध्ये वेगळा मार्ग धरला. त्यांनी सव्वाअकरा इंचांचं भिंग मुद्दाम निळ्या किरणांसाठी घडवलं. त्यातून पाहणं अवघड झालं, पण त्या भिंगाने काढलेले चंद्राचे फोटो अप्रतिम आहेत.

जुन्या ६० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणींचं भाग्य यामुळेच मला आता उजळलेलं दिसतं. त्या पाहण्यासाठी बनल्या आणि आजच्या रंगीत सेन्सरचे निम्मे ठिपके हिरव्या प्रकाशासाठी असतात. भिंगाचा आणि टिपणाऱ्याचा रंग अखेर जुळला! कडेला उरणारी जांभळी झाक फिकट पिवळ्या फिल्टरने बरीच कमी होते. ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत चंद्र सहा-साडेसहा मिलिमीटरचा येतो. जुन्या मोठ्या काचेवर तो हरवला असता, पण आजच्या सेन्सरला पुरेसा आहे.

जोडणी लेथवाल्याकडे होते. अशा जुन्या दुर्बिणींचा आयपीस बहुधा २४.५ मिलिमीटरचा असतो, दुर्बिणीसाठीच्या नव्या कॅमेऱ्यांचं नळीत बसणारं नाक ३१.७५चं. मधली कडी पितळेची किंवा अॅल्युमिनियमची चालते. आयपीसआधीचा काटकोनी आरसा काढला की प्रकाशाची तेवढी वाट कमी पडते, म्हणून नळीला लांबीचा तुकडाही जोडावा लागतो, नाहीतर फोकस मिळत नाही. स्टँड मात्र पक्का हवा. पौर्णिमा टाळावी. शुक्ल अष्टमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि सेकंदाच्या लहानशा अंशात फोटो मिळतो. ड्रेपर यांना त्यासाठी वीस मिनिटं लागली होती.