ताज्या फळांचं आंबट-गोड चिकन : अननस कढईत कधी टाकायचा?

डब्याच्या सुट्टीत मुलांना विचारा, बाहेरचं काय खायला आवडतं? निम्म्या वर्गाकडून एकच उत्तर येतं, ‘चायनीज’. घरी आई-वडिलांची तक्रारही ठरलेली असते. गाडीवरचं तेल कसलं, तो लालभडक रंग कसला, चिकन हलाल आहे का, सॉसमध्ये काय घातलंय, काहीच कळत नाही. रंगाची शंका तर खोटी नाही. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, ती तपासणीत घातक रंग सापडले म्हणूनच. म्हणून अशा पदार्थांपैकी निदान एक तरी घरी नीट जमायला हवा. माझ्या मते तो आंबट-गोड चिकनचा असावा. अर्ध्या किलो चिकनमध्ये चार-पाच माणसं जेवतात, मसाला वाटावा लागत नाही आणि मुलं सोबतची ढोबळी मिरची आणि गाजरही न कुरकुरता खातात.

हा पदार्थ मुळात दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला. तिथे त्याला ‘गू लो युक’ म्हणतात आणि तो डुकराच्या मांसाचा करतात, म्हणजे मूळ रूपात आपल्या कामाचा नाही. पण साखर, सिरका आणि मीठ यांच्या पाकात परतलेलं मांस ही कल्पना तेवढ्यापुरती नाही. चीनमध्ये शेकडो वर्षांपासून मुसलमान राहतात. त्यांच्या हॉटेलांवर ‘छिंगचन’ अशी पाटी असते, ती तिथली हलालची खूण. बीजिंगच्या अशा हॉटेलांत बकऱ्याच्या मऊ मांसाचा एक गोड पदार्थ मिळतो, त्याच्या नावाचा अर्थच ‘मधासारखं’ असा आहे.

आणखी मागे गेलं तर बगदाद. १२२६ साली मुहम्मद बिन हसन अल-बगदादी यांनी ‘किताब अल-तबीख’ लिहिली. त्यात ‘सिकबाज’ नावाचं सालन आहे. मांस, सिरका, मध किंवा खजुराचा पाक, वर बदाम, मनुका आणि सुके अंजीर. इतक्या लांब कशाला जायचं? मुंबईच्या बिर्याणीत आपण आलूबुखारा घालतोच की. मटणाच्या तुपकट चवीत मध्येच तो आंबट-गोड दाणा दाताखाली येतो आणि पुढचा घास हवासा वाटतो. त्यामुळे ‘गोड चिकन कसं खायचं?’ म्हणणाऱ्या घरातल्या बुजुर्गांना आलूबुखाऱ्याची आठवण करून द्यावी.

आता मुख्य गोष्ट. या पदार्थात ताजं फळ, त्यातही ताजा अननस, घालायचा तर तो चिकनला कधी भेटतो यावर सगळं अवलंबून असतं.

हे मला कळलं ते एका ईदच्या दावतीत. चिकन मुरलं की चव येते, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. म्हणून आदल्या रात्री एक किलो बोनलेस चिकन अननसाच्या ताज्या रसात भिजवून फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी हात घातला तर तुकडे बोटांत मोडायला लागले. वरून पिठासारखा लगदा, आतून ओलसर. कढईत टाकल्यावर त्याचा खिमाही झाला नाही, चिकट लापशी झाली. पाहुणे दारात आणि मी पुन्हा चिकनच्या दुकानात. अननस खराब असेल असं तेव्हा वाटलं. खरं तर तो फार चांगला होता, म्हणूनच असं झालं.

कच्च्या पपईचं काम आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. सीख कबाबच्या खिम्याला किंवा बोटीला थोडी वाटलेली पपई लावली की मांस लुसलुशीत होतं आणि जास्त वेळ ठेवलं की भुगा होतो. पपईत प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, पपेन. अननसात त्याचंच भावंड असतं, ब्रोमेलेन. ताजा अननस खाल्ल्यावर जीभ चरचरते, त्यामागेही या ब्रोमेलेनचा हात असतो. किवी आणि ताज्या अंजिरातही अशीच विकरं असतात. सफरचंद, मोसंबी, डाळिंब यांचा असा त्रास नाही.

ब्रोमेलेनला उष्णता सोसत नाही. साधारण ७० अंश सेल्सियसच्या वर ते निकामी होत जातं. डब्यातला अननस कारखान्यात तापवलेला असतो, म्हणून तो चिकनला काहीच करत नाही. इंग्रजी पाककृतींत ‘डब्यातल्या रसात चिकन मुरवा’ असं लिहिलेलं असतं. ती सूचना जशीच्या तशी ताज्या फळाला लावली की माझ्यासारखी फजिती होते. मुलांना हे पटवायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. दोन वाट्यांत थंड दूध घ्या. एकात कच्च्या अननसाचे तुकडे टाका, दुसऱ्यात पाच मिनिटं उकळून गार केलेले. अर्ध्या तासाने दोन्ही चाखायला द्या. पहिल्या वाटीतलं दूध कडवट लागतं, कारण त्यातली प्रथिनं तुटायला लागलेली असतात. विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग मी दरवर्षी घेते आणि तोंडं वाकडी करण्यात वर्गाला फार मजा येते.

बाजारात अननस घेताना रंगावर जाऊ नका. पानांच्या शेंड्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे बुडाला, वास घ्या. गोड वास यायला हवा, दारूसारखा आंबूस वास आला तर तो उतरलेला. अननस तोडल्यानंतर आंब्यासारखा घरी पिकून गोड होत नाही, म्हणून कच्चा आणून पेंढ्यात ठेवण्यात अर्थ नाही. सोलल्यावर डोळे काढा, मधला कडक दांडा काढा, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि चाळणीत निथळत ठेवा. खाली जमलेला रस टाकू नका, सॉसमध्ये लागेल.

चार-पाच जणांसाठी ५०० ग्रॅम बोनलेस चिकन घ्या. छातीपेक्षा तंगडीचं मांस घ्यावं, ते मोठ्या आचेवर कोरडं पडत नाही. धुतलं असेल तर पूर्ण निथळून स्वच्छ कापडाने टिपा. ओल्या चिकनला कॉर्नफ्लोअर धरत नाही आणि तेलही उडतं. इंचभर तुकडे करून त्यांना अर्धा चमचा मीठ, एक छोटा चमचा सोया सॉस, मिरपूड, एक चमचा आलं-लसूण, एका अंड्याचा पांढरा भाग आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर चोळून वीस मिनिटं ठेवा. फळ नाही, फळाचा रसही नाही.

पुस्तकांत आणि व्हिडिओंत या जागी ‘शाओशिंग वाइन’, ‘ड्राय शेरी’ किंवा ‘मिरिन’ सांगतात. चिकनचा उग्र वास जावा म्हणून ती घालतात. आल्याचा रस आणि थोडं लिंबू तेच काम करतं. ‘शिजताना दारू उडून जाते’ असं कोणी म्हणालं तर ते अर्धवट खरं आहे, दोन-चार मिनिटं परतलेल्या पदार्थातून ती पूर्ण जात नाही. हॉटेलात मागवताना हा प्रश्न स्पष्ट विचारावा, लाजू नये. ऑयस्टर सॉसबद्दलही विचारावं. तो कालवांपासून होतो. शाफई मसलकाच्या कोकणी घरांत कालवं आवडीने खातात, हनफी घरांत खात नाहीत. आपल्या या पदार्थाला त्याची गरजच नाही.

सॉस आधीच वाटीत कालवून ठेवा : साखर तीन मोठे चमचे, सिरका तीन, टोमॅटो केचप दोन, सोया सॉस एक, अननसाचा रस किंवा पाणी चार आणि कॉर्नफ्लोअर एक छोटा चमचा. सिरका साधा पांढरा चालतो, उसाचा असेल तर जास्त चांगला. चाखून बघा. कच्चा सॉस जरा जास्त आंबट लागायला हवा, कारण पुढे फळाचा गोडवा त्यात उतरणार आहे. अननस फार गोड निघाला तर साखर दोन चमच्यांवर आणा. लाल रंग केचपचा येतो तेवढा पुरे. आणखी हवाच असेल तर पाव चमचा काश्मिरी मिरची घाला, बाटलीतला रंग नको.

घरात शुगर किंवा बीपीचं कोणी असेल तर आकडे लक्षात असू द्या. तीन मोठे चमचे साखर म्हणजे साधारण ३५ ते ४० ग्रॅम, केचपमधली वेगळी. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये जवळजवळ अर्धा छोटा चमचा मीठ असतं. ‘फळ आहे, चालतं’ असं म्हणून अब्बांच्या ताटात दोनदा वाढू नका.

परतायला लोखंडी कढई सगळ्यात बरी. नॉनस्टिक रिकामी इतकी तापवायची नसते आणि हा पदार्थ तर तापलेल्या भांड्यावरच जगतो. हॉटेलच्या शेगडीची आच आपल्या गॅसला नसते, त्यामुळे सगळं चिकन एकदम टाकलं की कढई गार पडते, पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी ते उकडतं. यावर उपाय एकच, दोन घाण्यांत करा. कढईतून धूर निघायला लागला की तीन-चार चमचे तेल, अर्धं चिकन पसरून टाका आणि एक मिनिट अजिबात हलवू नका. खालून सोनेरी झालं की उलटा. पाच-सहा मिनिटांत होतं. जाडसर तुकडा कापून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये. काढून ठेवा, दुसरा घाणा करा. ईदला पाहुण्यांसाठी करायचं असेल तर अंडं पूर्ण घ्या, दोन चमचे मैदा वाढवा आणि सरळ तळून काढा. रोजच्या जेवणाला एवढ्या तेलाची गरज नाही.

त्याच कढईत चिरलेला लसूण, आल्याचे काप, दोन सुक्या मिरच्या. लगेच कांद्याच्या मोठ्या पाकळ्या, एक ढोबळी मिरची, पातळ कापलेलं गाजर. दोन मिनिटं, कचकचीत राहायला हवं. वाटीतला सॉस तळापासून ढवळून ओता, कारण कॉर्नफ्लोअर खाली बसलेलं असतं. मिनिटभरात तो चकाकायला लागेल. आता चिकन आणि त्याच्या मागोमाग दीड वाटी अननस. आणखी एक मिनिट मोठ्या आचेवर परता, वर पातीचा कांदा टाका आणि गॅस बंद. जास्त वेळ उकळत ठेवलं तर फळ पाणी सोडतं, आंबटपणामुळे कॉर्नफ्लोअरची पकड सुटते आणि दाट सॉसचं पातळ सार होतं. मग लोक आणखी कॉर्नफ्लोअर घालतात आणि खळ तयार होते.

हे ताटात लगेच वाढायचं असेल तेव्हाचं झालं. सकाळी करून दुपारी डब्यात द्यायचं असेल किंवा दावतीसाठी दोन तास आधी करून ठेवायचं असेल तर एक पायरी वाढवा. एका मिनिटाच्या परतण्याने तुकड्याच्या गाभ्यातलं ब्रोमेलेन पूर्ण मरत नाही आणि ते शिजलेल्या चिकनवरही काम करत राहतं. म्हणून अननसाचे तुकडे आधी वेगळे, कोरड्या तापलेल्या कढईत दोन-तीन मिनिटं, आतपर्यंत चांगले गरम होऊन कडा तपकिरी होईस्तोवर भाजून घ्या. चवही वाढते. खरं सांगायचं तर मी आता नेहमीच भाजते.

दुसरी फळं? एप्रिल-मे महिन्यात तोतापुरी आंबा, पिकायला आलेला पण घट्ट, फार छान लागतो. तेव्हा सिरका एक चमचा कमी करा. हापूस यात घालू नका, तो विरघळतो आणि पैसेही जातात. ताजे आलूबुखारे मिळाले तर बिया काढून चार फोडी करा. थंडीत घट्ट पेरू चालतो, बियांचा गर काढून. मोसंबी-संत्र्याच्या फोडी सोलून गॅस बंद केल्यावरच मिसळाव्यात, शिजल्या की कडू होतात. डाळिंबाचे दाणे वरून टाकायचे. स्ट्रॉबेरीचा मोह टाळा, एका मिनिटात तिचा जॅम होतो. किवीचं अननसासारखंच, मुरवायचा नाही आणि घातलाच तर ताटात वरून.

सोबत साधा मोकळा भात हवा. जिरा राइस किंवा पुलाव केला तर दोन चवी भांडतात. आमच्याकडे मुलं फुलक्यात गुंडाळून खातात, तेही बरं लागतं. उरलं तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर, एकदाच.