बंकम : एका परगण्याचें नांव

एखाद्याचें भाषण म्हणजे निव्वळ शब्दांचें अवडंबर आहे, असें इंग्रजींत एका शब्दांत सांगावयाचें झालें म्हणजे 'बंकम' म्हणतात. पोकळ पिंपावर थाप मारावी तसा त्याचा आवाज. त्यामुळें तो ध्वनीवरूनच बनला असावा असें वाटतें. परंतु श्रोतेहो, तें एका परगण्याचें नांव आहे. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना संस्थानाच्या डोंगराळ मुलखांत हा परगणा आजहि नांदतो आहे. ॲशव्हिल हें त्याचें मुख्य शहर.

१७९१ सालीं तो निर्माण झाला तेव्हां त्याला कर्नल एडवर्ड बंकम यांचें नांव देण्यांत आलें. हे गृहस्थ मूळचे वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटाचे. कॅरोलिनांत त्यांचा मोठा वाडा होता आणि आल्यागेल्याचें आदरातिथ्य करण्याबद्दल त्यांची ख्याति होती. स्वातंत्र्ययुद्धांत, १७७७ सालीं जर्मनटाउनच्या लढाईंत ते जखमी होऊन इंग्रजांच्या हातीं सांपडले आणि पुढच्याच वर्षीं फिलाडेल्फियांत मरण पावले. अशा माणसाच्या स्मारकाचा अर्थ पुढें 'बडबड' असा व्हावा, हा दैवाचा क्रूर विनोदच म्हणावयाचा.

ही करणी घडली १८२० च्या फेब्रुवारींत, वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिसभेंत. मिसूरी प्रांताला संस्थानाचा दर्जा द्यावयाचा होता; पण तेथें गुलामगिरी राहूं द्यावयाची कीं नाहीं, यावर वर्षभर रण माजलें होतें. त्या वेळीं गुलाम बाळगणारीं अकरा आणि न बाळगणारीं अकरा, असा संस्थानांचा तराजू समतोल होता. न्यूयॉर्कचे प्रतिनिधि जेम्स टॉलमॅज यांनीं १८१९ सालीं सूचना आणली कीं, मिसूरींत नवे गुलाम नेऊं नयेत आणि तेथें यापुढें जन्मणाऱ्या गुलामांच्या मुलांना पंचविसाव्या वर्षीं मुक्त करावें. या एका सूचनेनें देश उभा चिरला.

वादविवाद संपत आला, सभासद कंटाळून गेले, आणि नेमक्या त्या क्षणीं बंकमचे प्रतिनिधि फीलिक्स वॉकर बोलावयास उठले. पासष्टी उलटलेले हे गृहस्थ तरुणपणीं, १७७५ सालीं, डॅनियल बूनबरोबर केंटकीच्या अरण्यांत वाट पाडीत गेले होते. ते असे तसे हटणार थोडेच! चोहोंकडून 'मत घ्या, मत घ्या' असा गलका झाला. कांहींनीं जवळ जाऊन खालीं बसण्याची विनवणी केली. वॉकर यांचें उत्तर असें सांगतात कीं, मला या सभेसाठीं बोलावयाचें नाहींच, मला बंकमसाठीं बोलावयाचें आहे. सभेंतलीं भाषणें वृत्तपत्रांतून छापून मतदारांच्या घरीं पोंचत. तेव्हां समोरचे ऐकोत वा न ऐकोत, वॉकर यांचा हिशेब चुकला नव्हता.

'बंकमसाठीं बोलणें' हा वाक्प्रचार झाला तो तेव्हांपासून. पुढें मधले शब्द गळाले, स्पेलिंग बदललें, आद्याक्षर मोठ्याचें लहान झालें. विशेषनाम पायउतार होऊन सामान्यनाम झाल्याची ती खूण होय. आपल्या लिपींत ही सोय नाहीं. 'पानिपत झालें' असें आपण लिहितों तेव्हां तें गांव कीं सर्वनाश, हें वाचणाऱ्यानेंच ओळखावयाचें. १८५० पर्यंत बंकमनें समुद्रहि ओलांडला होता. कार्लाईलनें ब्रिटिश पार्लमेंटवर कोरडे ओढतांना हेंच नांव घेतलें.

त्या दिवसाची मौज शब्दानें जपली, विषय मात्र विसरला. मला यांतली बोंच येथेंच दिसते. २ मार्च १८२० रोजीं ९० विरुद्ध ८७ मतांनीं मिसूरीवरील निर्बंध काढून टाकण्यांत आला. मेन हें मुक्त संस्थान बदल्यांत मिळालें, आणि लुइझियाना खरेदीच्या उरलेल्या मुलखांत ३६ अंश ३० कलांच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी झाली. फक्त तीन मतें! वॉकर ज्यांच्यासाठीं बोलत होते त्या बंकम परगण्यांतहि गुलाम होते. त्यांना मत नव्हतें, म्हणून त्यांच्यासाठीं बोलण्याचें कारणहि कोणास नव्हतें. १८६१ सालीं याच तंट्यांतून यादवी युद्ध पेटलें.

शब्दाचें मात्र बरें चाललें. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याचें आणखी आंखूड रूप 'बंक' रूढ झालें. १९१६ सालीं मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांनीं एका शिकागोच्या पत्राच्या बातमीदारास सांगून टाकलें कीं, इतिहास म्हणजे बहुतांशीं बंकच. १९२३ सालीं विल्यम वुडवर्ड या लेखकानें त्यालाच उपसर्ग जोडून 'डीबंक' हें क्रियापद प्रचारांत आणलें. भोंगळ कल्पनांतली हवा काढून घेणें, हा त्याचा अर्थ. आणि १९२९ सालीं त्याच फोर्डसाहेबांनीं डिअरबॉर्न येथें जुनीं घरें, जुनीं यंत्रें नि जुनीं अवजारें गोळा करून भलें मोठें इतिहाससंग्रहालय थाटलें.