पावाचे प्रायश्चित्त

महाराष्ट्राच्या इतिहासावर आजवर ज्यांनी लिहिले त्यांनी गडकोट पाहिले, बखरी चाळल्या, मोडीवर डोळे फोडले. पण बेकरीत डोकावल्याचे फारसे कोणी सांगत नाही. वास्तविक इतिहास गरमागरम मिळण्याचे ठिकाण तेच! मी इतिहासकार नाही. बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. पण खाण्याची आवड आणि खातेवहीची सवय एका माणसात एकत्र आली की तो दिसेल त्या पदार्थाचे खाते उघडून बसतो. जमा काय, नावे काय, मागील बाकी काय. पावाच्या खात्याची मागील बाकी काढायला बसलो, तर ती साडेचारशे-पाचशे वर्षे मागे गेली आणि त्या दिवशी माझा डबा तसाच राहिला. बँकेत ही घटना अजून सांगतात.

आधी नावाचा घोळ. पावाला पाव का म्हणतात? आमच्या आजीचे मत पक्के होते : पायाने मळतात म्हणून पाव. आमच्या कॅशियरचे मत, अख्ख्याचा चौथा हिस्सा म्हणून पाव. (हा गृहस्थ स्वप्नातही सुटे पैसे मोजतो.) खरी हकिगत अशी की पोर्तुगीज भाषेत या पदार्थाला ‘पाँव’ म्हणतात आणि १५१० साली ज्यांनी गोवा घेतला त्यांच्याबरोबर तो शब्द आपल्याकडे उतरला. हीच मंडळी पुढे जपानला पोचली, म्हणून जपानी माणूस पावाला ‘पान’ म्हणतो. त्याला आपण ‘पान घेणार का?’ विचारले तर तो आनंदाने हो म्हणेल आणि चुन्याची डबी पाहून पळत सुटेल.

गोव्यात पोर्तुगिजांची एक अडचण झाली. पीठ फुगवायला यीस्ट नाही. पण माड होते, आणि माडाची सूर होती. सुरेने माणूस फुगतो तर पीठ का फुगणार नाही? पीठ फुगले, आणि गोव्याच्या गावागावांत पोदेर उभा राहिला. आधी डोक्यावर, मग सायकलवर पाटी, तोंडाने नाही तर भोंग्याने आरोळी, आणि पाटीत उंडे, पोळी, काकणे. पोर्तुगीज १९६१ साली गेले. पोदेर राहिला. राज्ये जातात, न्याहारी जात नाही.

इथपर्यंत सगळे खमंग आहे. करपायला सुरुवात होते ती वसईत. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली. त्या काळची एक गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली असते. पाद्री रात्री विहिरीत पाव टाकायचे. सकाळी गाव पाणी प्यायचा, मग कळायचे की पाण्यात पाव होता, आणि अख्खा गाव बाटायचा. मला लहानपणी या गोष्टीत पाद्र्यांचाच राग यायचा. पुढे खातेवह्या लिहायला लागल्यावर दुसरी बाजू दिसली. पाव टाकणाऱ्याने फक्त पाव टाकला. नकळत पाणी प्यालेल्या माणसाला ‘तू आता आमचा नाहीस’ असे सांगून दार लावणारे कोण? ते काही लिस्बनहून आले नव्हते. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. किल्ला परत घेता आला. पण पाणी प्यालेला माणूस परत घ्यायला आमच्याकडे साधी खिडकी नव्हती. जमेची नाही, चौकशीचीसुद्धा नाही.

म्हणूनच पुढे शंभर वर्षांनी काही मंडळींनी ठरवले, की लोक पावाने बाटत असतील तर आपण मुद्दाम पाव खाऊ. १८४९ साली मुंबईत ‘परमहंस मंडळी’ नावाची गुप्त सभा निघाली. पुढारी कोण, तर दादोबा पांडुरंग तर्खडकर. होय, तेच ते, १८३६ साली मराठीचे व्याकरण छापणारे! ज्यांनी आपल्याला विभक्तीचे प्रत्यय लावले, त्यांनीच जातीची विभक्ती मोडायला घेतली. सभेत येणाऱ्याची परीक्षा अशी, की ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन दाखवायचा. एक तुकडा. मस्का नाही, जाम नाही, चहासुद्धा नाही. आज आपण ज्याच्यासाठी रांगेत कोपर मारतो तो पाव ही माणसे दार लावून, कानोसा घेत, छातीत धडधड होत असताना चावत होती. क्रांतीची अनेक हत्यारे मी वाचली आहेत. इतके मऊ हत्यार दुसरे नाही. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादीच चोरीला गेली, नावे फुटणार असे दिसले आणि सभा मोडली. आमच्या बँकेत लॉकरच्या किल्ल्यांना जेवढे जपतात तेवढे त्या यादीला जपायला हवे होते, असे मला नेहमी वाटते.

त्यानंतरचा प्रसंग तर पुण्याचा, तेव्हा तो गाजला हे वेगळे सांगायला नको. ऑक्टोबर १८९०. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाचे निमित्त करून गावातली मोठमोठी मंडळी बोलावली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला. काहींनी यजमानांचा अपमान नको म्हणून पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. सगळे पांगले. मग ‘पुणे वैभव’ पत्रात हजर मंडळींची नावे छापून आली! हा उद्योग गोपाळराव जोशींचा, डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांचा. गोपाळराव पोस्टात कारकून होते. कारकुनाने मनात आणले तर काय होऊ शकते याचा इतका सज्जड पुरावा मी आमच्या मॅनेजरांना अनेकदा ऐकवला आहे.

आपल्याला आज हसू येते. पण ग्रामण्य म्हणजे हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. भटजी पायरी चढत नाही, श्राद्ध अडते, लेकीचे माहेर तुटते, मुलीचे लग्न ठरत नाही. एका बिस्किटाच्या मोबदल्यात एवढी वसुली कुठल्या सावकारानेही केली नसेल. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीला पंच नेमले. काशीला प्रायश्चित्त झाले आहे असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि सुधारक मंडळी त्यांच्यावर रागावली. खाल्ले म्हणून सनातनी चिडले, प्रायश्चित्त घेतले म्हणून सुधारक. एका कपात दोन वादळे!

व्यापाऱ्याला मात्र वादळातही शिडाचा वारा दिसतो. १८९८ साली दिल्लीत चक्क ‘हिंदू बिस्किट कंपनी’ निघाली. बिस्किट तेच, बनवणारे हात तेवढे ‘चालणारे’. म्हणजे पाहा, आक्षेप कधी मैद्याला नव्हताच. हाताला होता.

हे मला कळले ते मात्र पुस्तकातून नव्हे, आजीकडून. आजी पावाला शिवत नसे. अपवाद आजारपणाचा. डॉक्टरांनी दूध-पाव सांगितला की तो पाव राहत नसे, औषध होत असे. दुसरा अपवाद नानकटाईचा. मे महिन्यात आई मैदा, रवा, साखर, तूप डब्यांत भरून कोपऱ्यावरच्या बेकरीत नेई. तिथे भट्टीवरचे चाचा पीठ फेसत, पत्र्यावर गोळे मांडत, आमच्या नावाची चिठ्ठी पत्र्याला लावत, आणि आम्ही पोरे त्या वासात उभे राहून इंजिनासारखे श्वास घेत असू. डबा घरी आला की पहिली नानकटाई आजीची. मी एकदा विचारले,

‘‘आजी, तुला चालते ही?’’

‘‘न चालायला काय झालं? मैदा आपला, तूप आपलं. राहिली भट्टी. तो अग्नी. अग्नी पवित्रच असतो.’’

‘‘आणि पीठ फेसलं ते चाचांनी, त्याचं काय?’’

‘‘तू फार बोलतोस. आणखी एक दे.’’

शंकराचार्यांच्या पंचांना जो निकाल लावायला खटाटोप पडला, तो आजीने एका नानकटाईत लावला.

इराण्यांनी तर निकालाचीही वाट पाहिली नाही. ते आले, आणि इतर लोक अशुभ म्हणून टाळत त्या कोपऱ्यावरच्या जागा घेऊन बसले, असे सांगतात. धोबीतलावचे कयानी १९०४ चे. पुण्याची कयानी बेकरी १९५५ ची. तिथल्या श्रूजबेरीसाठी रांगेत उभा राहिलेला पुणेकर आपल्या पुढच्या माणसाची जात विचारत नाही. तो एवढेच विचारतो, ‘‘तुम्ही किती किलो घेणार?’’ आणि तो वडापाव! १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी तो सुरू केला असे म्हणतात. मराठी बाण्याची ही खूण उघडून पाहिली तर पाव पोर्तुगिजांचा, बटाटा त्यांनीच अमेरिकेहून आणलेला, मिरचीही तिकडचीच. आपले काय, तर बेसन आणि अभिमान. दोन्ही तळल्यावर फुगतात.

२०२० च्या टाळेबंदीत बेकऱ्या बंद झाल्या तेव्हा आमच्या सौ.ने घरी पाव केला. मोबाइलवर पाहून, ग्रॅमबरहुकूम. जे निघाले त्याला चिरंजीव ‘पाया’ म्हणाले; इमारतीचा. सौ. त्या वस्तूकडे बघत एवढेच म्हणाली, ‘‘चाचांच्या हातात काय होतं गं बाई!’’

हातात! आजीने जे नाव टाळले ते सुनेच्या तोंडून आले. वाटले, चला, खाते जुळले. पण २०१७ ची एक नोंद आठवली. त्या साली पुण्यातच, स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी जात लपवून सोवळे मोडले, अशी पोलिसांत तक्रार झाली होती. गदारोळ झाला आणि तक्रार मागे घेतली गेली. पंचहौदचा चहा होऊन तेव्हा १२७ वर्षे झाली होती. म्हणजे पाव सुटला. हात अजून तारण आहे आणि व्याज चढतेच आहे.

एवढी थकबाकी एकट्या कारकुनाला फिटायची नाही. पण मी आपला हप्ता चुकवत नाही. रोज सकाळी साडेसहाला बेकरीत जातो, भट्टीवाल्याच्या पिठाळ हातून चार पाव घेतो आणि घरी पोचेपर्यंत तीन शिल्लक असतात. चौथा परमहंस मंडळींच्या नावे!